पहिल्या चार तारखा

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत सोडचिठ्ठी अजूनही स्टँपवर होते. दोन्हीकडची पाच-सहा वडीलधारी माणसं बसतात, देणंघेणं ठरतं, पूर्वी शंभरच्या आणि आता पाचशेच्या स्टँपवर मजकूर टाइप होतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि मुलीच्या वडिलांना वाटतं, सुटलो. सुटलेलं काहीच नसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं चालत आलेल्या काडीमोडीला जागा आहे, पण अशी रूढी त्या समाजात जुनी, सलग आणि सर्वांनी मानलेली आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही. मग काही वर्षांनी दुसरं लग्न केलेल्या नवऱ्यावर पहिली बायको जिवंत असताना लग्न केल्याची फिर्याद होते, नाहीतर पेन्शनला नाव लावताना कारकून ‘डिक्री आणा’ म्हणतो. नोटरी सह्या साक्षांकित करतो. लग्न मोडायला न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजेच डिक्री, लागतो.

तो हुकूमनामा कसा मिळवायचा, याचीच चौकशी सगळे करतात. पण एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको अशी केस वर्षानुवर्षं चालते, आणि त्या वर्षांत घरात पैसे किती येणार, मूल कुणाकडे राहणार, बापाला ते कधी भेटणार, हे सगळं अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशावर ठरतं. अंतिम निकाल येईपर्यंत पहिलीतलं पोर सहावीत गेलेलं असतं आणि त्याची घडी मोडायला न्यायाधीशही सहजासहजी तयार होत नाहीत. म्हणून ‘अंतरिम’ शब्दावर जाऊ नये. बहुतेक घरांसाठी तोच खरा निकाल असतो, आणि तो पहिल्या चार-पाच तारखांना जे कागद दाखल होतात त्यांवर उभा राहतो.

आधी कुठलं न्यायालय ते पाहू. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा, आणि कोल्हापुरात असं न्यायालय आहे. ज्या भागाला त्याची हद्द लागू नाही, तिथं हिंदू विवाह कायद्याचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो. अर्ज कुठं करायचा हे कलम १९ सांगतं: लग्न जिथं झालं, जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) आता जिथं राहतो, दोघं शेवटचं एकत्र जिथं राहिले. २००३ च्या दुरुस्तीनंतर यात आणखी एक जागा आली. अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या जिथं राहते तिथंही करता येतो. पुण्याला नांदायला गेलेली आणि कसबा बावड्याला माहेरी परतलेली मुलगी कोल्हापुरातच अर्ज करू शकते. नवऱ्यानं आधीच पुण्यात टाकलेली केस इकडं हवी असेल तर उच्च न्यायालयात बदली अर्ज करावा लागतो.

सीमाभागात याचा फार त्रास होतो. कागल आणि निपाणीत सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होतात, अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. पण निपाणीच्या न्यायालयातली केस कोल्हापूरला आणायची तर मधे राज्याची हद्द येते, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली करायचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. वीस किलोमीटरसाठी दिल्ली. म्हणून सीमेवरच्या लोकांनी पहिला अर्ज कुठं करायचा याचा विचार अर्ज टाकायच्या आधीच करावा.

दुसरी गोष्ट, ‘आमची केस चालू आहे’ असं म्हणणाऱ्याच्या तीन-चार केसेस चालू असतात. घटस्फोटाचा अर्ज हिंदू विवाह कायद्याखाली, त्यातच कलम २४ चा अंतरिम पोटगीचा अर्ज. पूर्वीची १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासूनची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलम १४४, ही पोटगीची वेगळी केस. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर. आणि विवाहितेच्या छळाची पूर्वीची ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांखाली गेलेली फौजदारी तक्रार. न्यायालय बऱ्याचदा वेगळं, मुदत वेगळी, पुराव्याची पातळी वेगळी. घटस्फोटाच्या अर्जात एक आणि पोलीस ठाण्यातल्या जबाबात दुसरीच तारीख सांगितली की उलटतपासात तेच पकडलं जातं. घर सोडल्याची तारीख, मारहाणीच्या घटना, अंगावरचे दागिने, हे एका वहीत एकदाच नीट लिहून काढावं आणि प्रत्येक वकिलाला तीच वही दाखवावी. शंभरात नव्वद विसंगती खोटेपणातून येत नाहीत. चार वेळा चार जणांना घाईत सांगितल्यामुळं येतात.

खर्चाचं थोडक्यात: पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायला महिलेला उत्पन्नाची अट नाही. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला स्टँप लागत नाही, तरीही कोर्टाबाहेर कुणीतरी तो विकत घ्यायला लावतंच.

अर्ज दाखल झाला की नोटीस निघते, आणि पहिले सहा महिने बऱ्याचदा तिथंच जातात. अर्जात पत्ता ‘मु. पो. अमुक, ता. करवीर’ इतकाच लिहिलेला असतो. बेलीफ जातो, त्या नावाची तीन घरं निघतात, ‘मिळून आले नाहीत’ असा शेरा मारून नोटीस परत. वाडी, गल्ली, जवळचं देऊळ किंवा दूध संस्था, घरमालकाचं नाव, कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि मोबाइल नंबर हे सगळं अर्जातच द्यावं. काम शिरोली एमआयडीसीत आणि घर राधानगरीत असं असेल तर दोन्ही पत्ते. नोटीस घ्यायचं टाळलं तर दाराला चिकटवायचा, पुढं पेपरात जाहीर करायचा आदेश होतो, आणि त्यानंतर केस एकतर्फी चालते. जाबदेणाऱ्यांपैकी काहींना वाटतं नोटीस घेतली नाही की केस अडते. अडत नाही. आपल्या गैरहजेरीत ठरलेली पोटगी पुढं मागच्या तारखेपासून भरावी लागते, एवढंच होतं. नोटीस मिळाल्यावर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची असते. न्यायालयं सवलत देतात, पण दंडासकट.

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणं इथं वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी मागावी लागते. व्यवहारात वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज दिला की ती मिळते. तरी तारखेला स्वतः हजर राहायचं, कारण समेटाचा प्रयत्न करणं हे कलम ९ प्रमाणं न्यायालयाचं कर्तव्य आहे आणि त्यासाठी माणसं समोर लागतात. पहिल्या तारखांना प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जातं. तिथं वकील सहसा आत नसतात. दोघांना वेगवेगळं, मग एकत्र बसवतात. समुपदेशकासमोर जे बोललं जातं ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोड झाली का नाही आणि झाली तर कोणत्या अटींवर, एवढंच न्यायाधीशांपर्यंत जातं. हे माहीत नसल्यामुळं लोक तिथंही उलटतपास चालू असल्यासारखे तोंड शिवून बसतात, किंवा आईला आणि मावशीला बरोबर घेऊन जातात. मावशी आत आली की समुपदेशन संपलंच म्हणायचं. या खोलीत नांदायचं की नाही यापेक्षा पोराची शाळा, भेटी आणि महिन्याचा खर्च यांवर निम्मं जरी ठरलं, तरी पुढचे दोन अर्ज वाचतात.

आता पैसा. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं, असं ठरवून दिलं. नोकरी-धंद्यातल्यांसाठी एक नमुना, शेतीवर जगणाऱ्यांसाठी दुसरा. आपल्याकडं शेतकऱ्याचं शपथपत्रही नोकरीच्या नमुन्यात भरलेलं सर्रास दिसतं. ‘पगार: लागू नाही, इतर उत्पन्न: नाही’. शेतीच्या नमुन्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पीक कोणतं, जनावरं किती, कर्ज किती, हे प्रश्न थेट विचारलेले आहेत. समोरच्यानं चुकीचा नमुना भरला असेल तर पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी.

एक नेहमीचं चित्र घ्या. सातबारा वडिलांच्या नावावर, ऊस वडिलांच्या नावानं कारखान्याला जातो, दूध आईच्या नावानं संस्थेत, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, आणि नवरा शपथेवर लिहितो की तो बेरोजगार असून आईवडिलांवर अवलंबून आहे. हे खोडायला भाषण उपयोगाचं नाही, कागद लागतात. ८-अ चा उतारा गावातल्या एकूण खात्यासाठी, फेरफार जमीन वडिलोपार्जित आहे का हे कळायला, पीक पाहणी उसाची नोंद बघायला. कारखान्याची ऊस बिलं, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल आणि विकास सेवा सोसायटीचं पीककर्ज यांच्यासाठी त्या संस्थेच्या सचिवाला कागद घेऊन हजर राहण्याचं समन्स काढायचा अर्ज करता येतो. सोसायटीचा कर्ज अर्ज वाचायला विसरू नये. पोटगीच्या शपथपत्रात अर्धा एकर सांगणारा माणूस कर्ज मागताना तीन एकर बागायत अभिमानानं सांगतो.

पगारदाराचा खेळ निराळा. गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीतल्या सुपरवायझरचं उदाहरण धरा. एकूण पगार ४२,०००. त्यातून भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की ४०,००० उरतात. पुढं पतसंस्थेचा हप्ता ९,००० आणि विम्याचा ३,०००, म्हणजे हातात २८,०००. नवरा २८,००० वर मांडणी करतो. न्यायालय साधारणपणे कायद्यानं सक्तीच्या कपाती तेवढ्या सोडतं आणि ४०,००० वर विचार करतं, कारण हप्ता हा शेवटी त्याच्याच मालमत्तेत जातो. नोटिशीनंतर काढलेलं कर्ज तर पहिल्यांदा डोळ्यात भरतं. पगारपत्रकाबरोबर बँकेचा उतारा मागावा, कारण ओव्हरटाइम आणि बोनस तिथं दिसतो.

किती पोटगी मिळते याचं सूत्र नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती. तेव्हापासून तो आकडा सगळीकडं फिरतो. अंदाजाला ठीक, पण म्हातारे आईवडील, पोरांची संख्या, घरभाडं, बायकोचं स्वतःचं उत्पन्न यांनी तो खाली-वर होतो. बायको शिकलेली आहे एवढ्यानं पोटगी नाकारली जात नाही, ती प्रत्यक्ष कमावते का हे पाहिलं जातं. मात्र हे शपथपत्र बायकोलाही तितकंच लागू आहे. शिकवण्यांचे पैसे, पार्लर, माहेरच्या दुकानातून खात्यावर येणारी रक्कम लपवली आणि फोन-पेच्या उताऱ्यात ती सापडली, तर नुसती पोटगी कमी होत नाही, बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही जातो. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार आणि हुपरीचे चांदी कारागीर यांचं काम नगावर चालतं, पगारपत्रक नसतंच. तिथं मालकाची मजुरीची वही, नाहीतर निदान त्या कामाचा चालू दर सांगणारा साक्षीदार लागतो.

रजनेश विरुद्ध नेहा निकालानंच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही ठरवलं, आणि तारखा मागत बसणाऱ्याला हेच महागात पडतं. १ जून २०२४ ला अर्ज झाला आणि जानेवारी २०२६ अखेर दरमहा ८,००० चा आदेश झाला, तर थकबाकी वीस महिन्यांची, १,६०,००० रुपये. हिंसाचाराच्या केसमध्ये दंडाधिकाऱ्यांनी आधीच ५,००० ठरवले असतील आणि ते दरमहा भरले असतील, तर ते वजा होऊन ६०,००० उरतात. वजावट मिळायची तर दुसऱ्या केसचा आदेश आणि भरल्याच्या पावत्या हजर करायला हव्यात. रोख दिलेले पैसे दिल्यासारखे धरू नका. बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात ‘पोटगी, अमुक महिना’ लिहा.

पोटगी थकली की अर्जदाराला वसुलीचं वॉरंट मागता येतं. पण १४४ खालच्या आदेशात रक्कम देय झाल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत दोन वर्षं थांबलं की जुन्या महिन्यांसाठी हा सोपा रस्ता बंद होतो. मालकाला पत्र देऊन पगारातून परस्पर कपात करून घेणं हा त्यातल्या त्यात कमी कटकटीचा मार्ग.

नवऱ्याच्या बाजूनं हमखास येणारं उत्तर म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा नांदायला येण्याचा दावा. ‘मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही, म्हणून पोटगी नाही.’ जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा हुकूमनामा झाला आणि बायको गेली नाही, एवढ्यानंच तिची पोटगी बंद होत नाही; न जाण्याला पुरेसं कारण होतं का ते पाहावं लागतं. उलट एक सापळा बायकांसाठी आहे. ‘आम्ही दोघं आपखुशीनं वेगळे राहत आहोत’ असं कुठल्याही कागदावर लिहून दिलं की १४४ ची पोटगी अडचणीत येते, कारण संमतीनं वेगळं राहणाऱ्या पत्नीला ते कलम लागू होत नाही. सोडचिठ्ठीच्या स्टँपवर पहिलं वाक्य बहुधा हेच असतं.

मुलांचा प्रश्न सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात ढिसाळपणे लिहिलेला. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडं, असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. ‘सामान्यतः’ आणि ‘मुलाचं हित सर्वांत वर’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. ताब्याचा स्वतंत्र अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात होतो, म्हणून भांडणानंतर आधी शाळा बदलायची आणि मग अर्ज करायचा असा डाव टाकला जातो. मधल्या सत्रात शाळा बदललेली न्यायाधीशांना आवडत नाही, आणि कारण काय या प्रश्नाला तयार उत्तर नसतं. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलतात. सात वर्षांचं पोर ‘बाबा माझा मानसिक छळ करतात’ असं म्हणालं की ते कुणी शिकवलं हे कळायला वेळ लागत नाही. पोराला काही पढवू नये. नाश्ता करून, आवडीचा शर्ट घालून पाठवावं, बस्स.

भेटीचा आदेश मागताना ‘वाजवी भेट द्यावी’ असं लिहून घेतलं तर दर शनिवारी नवं भांडण. चांगली अट कशी दिसते ते पाहा. ‘दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५. सोपवणं आणि परत घेणं महावीर उद्यानाच्या दारात. मुलीला आणायला आई किंवा मामा, इतर कुणी नाही. परीक्षा किंवा आजारपण असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत मेसेज, आणि बदली भेट पुढच्याच शनिवारी. बुधवारी आणि रविवारी रात्री ८ ते ८.२० व्हिडिओ कॉल, आईच्या फोनवर. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला निम्मा भाग सम वर्षी वडिलांकडं, विषम वर्षी आईकडं. मे महिन्यात सलग दहा दिवस वडिलांकडं, तारखा ३१ मार्चपर्यंत ठरवायच्या. गौरी-गणपतीत दीड दिवस.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या भांडणावरचा उपाय आहे. जागा उघड्यावरची, कारण घराच्या दारात गेलं की आजी-आजोबा आत ओढतात आणि जुनी उणीदुणी निघतात. माणसं नावानिशी, कारण ‘कुणालाही पाठव’ म्हटलं की पोर अनोळखी ड्रायव्हरच्या हाती जातं. बदली भेट लिहिलेली, कारण दर शनिवारी ताप येणारी मुलं फक्त कौटुंबिक न्यायालयातच आढळतात. सम-विषम वर्ष असल्यामुळं कोण आधी हा वाद मिटतो. पोरगं लहान असेल किंवा बऱ्याच महिन्यांनी बापाला भेटणार असेल, तर सुरुवातीला न्यायालयाच्या आवारात समुपदेशकाच्या देखरेखीत तासा-दोन तासांच्या भेटी, मग बाहेर, मग मुक्काम, असं टप्प्यानं मागावं. पहिल्याच अर्जात मे महिन्याचा मुक्काम मागितला तर बहुधा काहीच मिळत नाही.

भेट मिळाली नाही म्हणून शाळेच्या फाटकावर जाऊन पोर उचलायचं नाही. आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही. हे दोन वेगळे आदेश आहेत. ठरल्या वेळी ठरल्या जागी उभं राहून वेळेसह एक साधा मेसेज पाठवावा, ‘११.०५, दारात आहे’. असे पाच-सहा मेसेज जोडून अर्ज दिला की न्यायाधीशांना लांबलचक कैफियतीपेक्षा ते लवकर पटतं. आदेशाची एक प्रत शाळेत मुख्याध्यापकांकडं द्यावी, नाहीतर दाखला कुणाला द्यायचा आणि मूल कुणाबरोबर सोडायचं यात शाळा विनाकारण अडकते.

मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही असं धरून चालावं. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्याकडं आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासायचा आकडा) लिहायची असते. म्हणून मूळ फोन विकू नये, चॅट डिलीट करू नये. कौटुंबिक न्यायालयाला कलम १४ प्रमाणं पुराव्याचे नियम थोडे सैल आहेत, आणि जोडीदाराच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंगही विचारात घेता येतं असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये ठरवलं. पण चाळीस तासांचं रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही. तीन क्लिप, त्यांचा शब्दशः उतारा, मिनिट-सेकंदासह.

स्त्रीधनाची यादी हा आणखी एक फसलेला कागद. ‘२० तोळे सोनं व संसारोपयोगी साहित्य’ अशी मोघम मागणी टिकत नाही. कोल्हापुरी साज किती ग्रॅमचा, ठुशी, बोरमाळ, पाटल्या कुणी दिल्या, गुजरीतल्या सराफाच्या कुठल्या पावतीवर, लग्नाच्या कुठल्या फोटोत अंगावर दिसतात, आणि शेवटचे कुणाच्या ताब्यात होते, असे रकाने पाडावेत. साज सासूच्या लॉकरमध्ये असेल तर बँकेचं नाव आणि लॉकर उघडल्याच्या नोंदी मागता येतात. स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याकडं ती नुसती ठेव. रुखवतातली भांडी मात्र यादीत घालून यादी आठ पानी करू नये. आठव्या पानावरच्या परातीमुळं पहिल्या पानावरच्या साजाकडं दुर्लक्ष होतं.

एवढं सगळं लढून झाल्यावर बरीच प्रकरणं संमतीच्या घटस्फोटावर येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब ला लग्नानंतर एक वर्षाचा वेगळा संसार लागतो. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर तेही चालतं. अर्ज आणि पहिला जबाब झाला की अर्जाच्या तारखेपासून सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब. हे सहा महिने सोडून द्यायची मुभा २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानं दिली, पण आपोआप नाही. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत, पोटगी आणि मुलांचं सगळं मिटलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि थांबण्यानं त्रासच वाढणार असावा. चारही गोष्टी अर्जात एकेक करून लिहाव्या लागतात.

इथं गोष्टी बिघडतात त्या तडजोडीच्या अटींमध्ये. दुसऱ्या जबाबापर्यंत कुणीही संमती काढून घेऊ शकतो, म्हणून सगळे पैसे पहिल्या जबाबाला देऊन टाकणारा नवरा आणि सगळे शेवटी घ्यायला कबूल झालेली बायको, दोघंही अडचणीत येऊ शकतात. निम्मे पहिल्या जबाबाला डिमांड ड्राफ्टनं, निम्म्यांचा ड्राफ्ट न्यायालयात जमा आणि दुसऱ्या जबाबाच्या दिवशी उचलायचा, ड्राफ्टचे नंबर अटींत, अशी मांडणी बरी. मुलाची पोटगी आईनं ‘कायमची सोडली’ असं लिहिलं तरी मुलाचा हक्क जात नाही, तेव्हा त्या वाक्यावर भरवसा ठेवून रक्कम कमी करू नये. ८५ कलमाची फौजदारी केस असेल तर ती आपसात मिटवून न्यायालयातून काढता येत नाही, उच्च न्यायालयाकडून रद्द करून घ्यावी लागते. तिथं कोण किती दिवसांत अर्ज करणार, बायको संमतीचं शपथपत्र कधी देणार आणि वकिलाचा खर्च कुणाचा, हे लिहिलं नाही तर घटस्फोट होऊन नवरा पुन्हा आरोपी म्हणून तारखेला उभा.

या एका बाबतीत कोल्हापूरकरांचं बरं झालं आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. फौजदारी केस रद्द करायची, अंतरिम पोटगीच्या आदेशावर रिट करायची किंवा घटस्फोटावर अपील करायचं, यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अपील नसतं, रिटच करावी लागते, आणि स्थगिती मागताना निम्मी थकबाकी आधी भरा असं ऐकायची तयारी ठेवावी.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा, किमान तीन प्रतींचा. हिंदू विवाह कायद्याच्या हुकूमनाम्यावर अपिलाला ९० दिवस आहेत, कौटुंबिक न्यायालयाच्या इतर बऱ्याच निकालांना ३०. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख प्रतीच्या मागं नीट उमटली आहे का ते खिडकीवरच पाहावं. वादातल्या घटस्फोटात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. संमतीच्या हुकूमनाम्याला अपीलच नसल्यामुळं तिथं थांबायचं कारण नाही. नावात किंवा लग्नाच्या तारखेत टायपिंगची चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा. पासपोर्ट कार्यालयात ती चूक निघेपर्यंत न्यायाधीशांची बदली झालेली असते आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते.